गोड्या पाण्यातल्या चिंबोऱ्या

आमच्या गावच्या विहिरीत गेलेली मी पहिली मुलगी नव्हते. स्वतःच्या पायांनी वर आलेली मात्र पहिलीच असेन. आधीच्या दोघींची नावं गावात कुणी घेत नसे आणि मीही इथं घेणार नाही, कारण हे प्रकरण त्यांचं नाही. हे चित्रांच्या पुस्तकांचं आहे. पुस्तकातून माणूस विहिरीत कसा पोचतो हे सांगायचं तर तेव्हाचं बाळकुम आधी सांगावं लागेल. आज तिथं जे उभं आहे त्यावरून काहीच कळायचं नाही.

आमचं घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला होतं. त्यापुढं भाताची खाचरं, मग मिठागरं, मग तिवरांची हिरवी भिंत आणि तिच्यामागं खाडी. भरती यायची तेव्हा आवाज होत नसे, नुसता वास बदलायचा. ओहोटी लागली की चिखल बोलू लागायचा. तापल्या तव्यावर मीठ पडल्यासारखी बारीक तडतड कोसभर चालायची आणि ती ऐकत मी कितीतरी दुपारी ओटीवर अर्धवट झोपेत पडलेली असायची. डोळे किलकिले केले की मिठाच्या राशी पांढऱ्या दिसायच्या, आणखी मिटले की त्या हवेत तरंगायच्या. बापूस मिठागरावर कामाला. त्याचे पाय घोट्यापर्यंत पांढरे आणि भेगाळलेले असत. घरी आला की आधी पाय गोड्या पाण्यानं धुवायचा, एकच तांब्या, आणि तो तांब्या कोण जास्त भरून देतं यावर माझं आणि आयसचं भांडण व्हायचं. आयस चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तिच्या तळव्यांचा आवाज शेजारच्या घरातल्या तळव्यांच्या आवाजात मिसळायचा, तो त्याच्या शेजारच्यात. संध्याकाळी सगळी आळी थापल्यासारखी वाटायची. भाकरीबरोबर सुकटाची चटणी, नाहीतर चिखलातल्या निवट्या माशांचं आंबट कालवण. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, सणासुदीलाच, कारण त्या ठाण्याच्या बाजारात जायच्या. आम्ही त्यांच्या नांग्या चोखायचो, पोटं गिऱ्हाईक खायचं.

एक तांब्या म्हणाले त्याचं कारण आहे. गावात विहिरी चार, पण तीन मचूळ. त्यातलं पाणी धुण्याला, गुरांना. पिण्याचं गोडं पाणी एकाच विहिरीला, देवळामागच्या. खाडी इतक्या जवळ असून त्या एका ठिकाणी गोडा झरा कसा लागला हे कुणालाच कळलं नव्हतं, आणि जे कळत नाही त्याला माणसं जपतात. खाडीचा चिखल पायाला असेल तर विहिरीच्या चौथऱ्यावर चढायचं नाही. मासळीची टोपली चौथऱ्यापासून लांब, पिंपळापाशी उतरवायची. पाण्यात मासा, माशाचं खवलं, मासा धुतलेला हातसुद्धा घालायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण मी पाच वर्षांची असताना मासळीच्या हातानं दोर धरला म्हणून हिराकाकीनं माझ्या कानाखाली दिली होती, आणि आयसनं तिला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

हिराकाकी आमची सख्खी काकी नव्हती. नवरा गेल्यावर ती एकटी तिवरांत जाऊन चिंबोऱ्या धरायची. हातात लोखंडी आकडी, कमरेला टोपली. बिळात आकडी घालून ती डोळे मिटायची आणि आत कोण आहे ते सांगायची. नर, मादी, की पाण्याचा साप. कधी चुकली नाही. पोटाशी अंडी असलेली मादी मिळाली तर शिवी देऊन परत सोडायची. तिनं मला दोन वर्षं बरोबर नेलं, त्यामुळं चिंबोरी मागून कशी धरायची ते मला अक्षरांच्या आधी आलं.

अक्षरं चौथीपर्यंत आली. पुढची शाळा ठाण्यात होती आणि पोरीला एकटीनं ठाण्याला कोण धाडणार, म्हणून माझी शाळा संपली. मला त्याचं फार वाईट वाटलं असं आता लोकांना ऐकायचं असतं. तसं काही झालं नाही. माझ्यासारख्याच सगळ्या होत्या. वाईट वाटायला वेगळं काहीतरी आधी बघावं लागतं, आणि ते मी नंतर बघितलं, सुमतीबाई गावात आल्यावर.

ठाण्याच्या कुठल्याशा संस्थेनं आमच्याकडं बालवाडी काढली. देवळाच्या बाजूची पत्र्याची शेड मिळाली. सुमतीबाई रोज सकाळी एसटीनं नाक्यावर उतरायच्या आणि छत्री उघडून शेतातून चालत यायच्या. सुती पातळ, पायात चपला, बोलणं पुस्तकातल्यासारखं. पोरं गोळा करायला, नाकं पुसायला, माठ भरायला त्यांना गावातली एक मुलगी हवी होती. मी चौदाची होते आणि घरात बसून आयसशी भांडत होते. आयस म्हणाली, "हिला न्या."

बाईंच्या पेटीत आठ-दहा पुस्तकं होती. मोठी, जाड कागदाची, पानभर चित्रं आणि खाली एक ओळ. तोवर मी चित्र म्हणून बघितलं होतं ते कॅलेंडरवरच्या देवांचं. ही चित्रं कशाचीच पूजा करायला सांगत नव्हती. एक मुलगा चिमणीसाठी वाटीत पाणी ठेवतो. एक मुलगी फूल तोडत नाही, नुसता वास घेते. एक लंगडा कुत्रा, त्याला सगळे दगड मारतात, आणि एक जण मारत नाही. सगळी झाडं गोल. गवतावर चिखल नाही. आकाश कधी निळं, कधी जांभळं, आणि घरांना लाल टोप्या. पोरं झोपली की मी ती पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची. पत्रा तापून कडकड वाजत असायचा, बाहेर ओहोटीची तडतड चालू असायची, आणि मी त्या जांभळ्या आकाशाखाली कितीतरी वेळ फिरून यायची. रात्री स्वप्नंसुद्धा त्या रंगात पडू लागली. आमच्याच मिठागरावर गोल झाडं उगवलेली, बापूस त्यांच्या सावलीत बसलेला आणि त्याचे पाय साध्या माणसासारखे. असं स्वप्न मला तीन-चारदा पडलं. बापसाला सांगितलं तर म्हणाला, "मिठागरान झार आला तं मीठ जाल."

माझ्या पणतीकडं आता अशी पुस्तकं कपाटभर आहेत. नातसून रात्री तिला वाचून दाखवते. झाडाला मिठी मारा, गोगलगायीला वाट द्या. बाराव्या मजल्यावर गोगलगाय कुठून येणार ते मी विचारत नाही, कारण विचारलं की नातसून गप्प होते आणि मग जेवताना सगळेच गप्प होतात. पुस्तकं चांगली असतात. वाईट होती ती मी पोरांना गोष्ट सांगण्याची पद्धत, ते पुढं येईलच.

त्या पेटीतलं पोरांचं सर्वांत लाडकं पुस्तक कासवाचं. एका मुलीला चिखलात एक कासव सापडतं. त्याच्या पायांना दोरी गुंडाळलेली. मुलगी दोरी कापते, कासवाला उचलते आणि स्वच्छ तळ्यात सोडते. शेवटच्या पानावर नुसतं पाणी, त्यावर गोल गोल वलयं. खाली ओळ होती, "मुलीने त्याला स्वच्छ पाण्यात सोडले." बाई हे वाचायच्या तेव्हा आवाज हळू हळू कमी करत न्यायच्या आणि वलयांच्या पानावर काहीच बोलायच्या नाहीत. पोरं श्वास धरून बसायची. मला तो आवाज हवा होता. पोरांनी माझ्याकडं तसं बघायला हवं होतं.

एकदा बाईंना संस्थेच्या कामासाठी दोन दिवस यायला जमणार नव्हतं. त्यांनी पेटीची किल्ली माझ्याकडं दिली. पहिल्या दिवशी मी कासवाचं पुस्तक काढलं आणि बाईंसारखा आवाज काढून वाचू लागले. शेवटच्या पानाला पोचले तर बेबी म्हणाली, "तला कवरा व्हता?" बेबी म्हणजे आमच्या आळीतली पाच वर्षांची पोर, केसांत कायम जट, डोळे घारे. आमच्या गावात तळं नव्हतं. पोरांनी तळं बघितलेलंच नव्हतं. बाई असत्या तर त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं असतं. माझा आवाज नुकता कुठं हळू झाला होता आणि तो मोडायचा नव्हता. मी म्हणाले, "आपल्या देवळामागच्या विहिरीसारखं. तसंच गोड, गार पाणी. खाडीचा चिखल तिथं नाही. तिथं सोडलं की कुणीही सुखात राहतं."

मी हे म्हणाले. खाडीतलं जनावर गोड्या पाण्यात जगत नाही हे मला पक्कं माहीत होतं. दोन वर्षं हिराकाकीबरोबर तिवरांत फिरलेल्या मुलीनं असं म्हणावं याला अडाणीपणा म्हणता येत नाही. वाक्य छान वाटलं म्हणून मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराकाकी तिवरांतून आली. तिला अंघोळ करून बाजाराला जायचं होतं. तिनं चिंबोऱ्यांची टोपली शेडच्या सावलीत ठेवली, वर ओलं पोतं टाकलं आणि मला म्हणाली, "यमे, नजर ठेव गो." चिंबोऱ्या चौदा, नांग्या काथ्यानं घट्ट बांधलेल्या. थोड्या वेळानं एका पोराला जुलाब झाले. मी त्याला उचलून त्याच्या घरी पोचवायला गेले. त्याच्या आयसनं पाणी दिलं, मी दोन गोष्टी बोलत उभी राहिले. परत आले तेव्हा शेड रिकामी होती.

पोरं विहिरीवर होती. अकरा जण. टोपली त्यांनी पालखीसारखी उचलून नेली होती, हे मला नंतर बेबीनं सांगितलं. चिखलाच्या पायांनी चौथऱ्यावर चढायचं नसतं हे त्यांना पाठ होतं, म्हणून सगळ्यांनी आधी पाय धुतले होते. ओल्या पायांचे छोटे छोटे ठसे चौथऱ्यावर उमटलेले होते. कठडा त्यांच्या छातीएवढा. कागद कापायच्या कात्रीनं बेबी काथ्या कापत होती आणि एकेक जण आपली चिंबोरी आत सोडून खाली वाकून बघत होता. ते सगळे शेवटच्या पानासारखे गप्प होते. मी पोचले तेव्हा शेवटची गेली. बेबीच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आता सुखान ऱ्हातील."

मी एकेकाला दंडाला धरून खाली ओढलं. त्यानंतर किती वेळात सगळं गाव जमलं ते सांगता येणार नाही. बायका आधी आपापल्या पोराला धरून चापट्या मारत होत्या आणि मग छातीशी दाबत होत्या. एखादं पोर आत गेलं असतं तर, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं. ते बोलता येत नव्हतं म्हणून मग दुसरं बोलणं सुरू झालं. चिंबोऱ्या गोड्या पाण्यात मरणार. मेल्या की सडणार. दिवस वैशाखाचे, विहिरीत पाणी छातीभर उरलेलं, आणि गावाला प्यायला तेवढंच. कुणी म्हणालं, पाणी उपसून काढू. तेव्हा पाटलांचा म्हातारा काठी टेकत पुढं आला. तो सहसा बोलत नसे. म्हणाला, "उपसू नका. इहीर रिकामी केली का खालशी खारा पानी चरल. मंग गोरा पानी कधी येवाचा नाय." कुणी म्हणालं, आकडीला माशाचं डोकं बांधून सोडा, आपोआप चिकटतील. यावर चार जण एकदम अंगावर आले. गोड्या पाण्यात मासा घालायचा नाही. आत चौदा चिंबोऱ्या फिरत होत्या तरी तो नियम मोडायला कुणी तयार नव्हतं. मला तेव्हा ते खुळ्यासारखं वाटलं. आता वाटत नाही.

म्हणजे कुणीतरी उतरून हातानं धरायला हवं होतं. खाली उतरायच्या दगडातल्या खोबणी जुन्या, निसटत्या, मोठ्या माणसाचा भार त्या घेणार नाहीत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. हिराकाकीनं माझ्याकडं बघितलं. अंघोळीचे केस तसेच ओले, गळत होते. ती एवढंच म्हणाली, "तुज्यावर ठेवलीवती ना?" बापूस मिठागरावरून धावत आला होता. त्यानं माझ्या कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून बघितला आणि म्हणाला, "उतर."

खाली गेल्यावर आधी आवाज बदलला. वरचं भांडण एकदम लांब गेलं आणि तरीही प्रत्येक शब्द स्पष्ट होता, जणू कुणी माझ्या कानात बसून लांबच्या गावाबद्दल सांगत होतं. पाणी थंड होतं. छातीपर्यंत आलं आणि मी काही वेळ नुसती उभी राहिले. दगडांवर शेवाळ होतं, मऊ, आणि कपारींत लहान पानांचं नेचं उगवलेलं. वर आकाशाचं गोल ताट, त्याच्या कडेनं काळी डोकी. माझ्या भोवती हिरवा उजेड हलत होता. चिंबोऱ्या तळाशी चालत होत्या. पाणी इतकं निवळ होतं की माझे स्वतःचे पाय मला दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसत होते आणि त्या पायांच्या मधून एक मोठा नर, आपल्याला काही घाई नाही अशा चालीनं, तिरका निघून गेला. सुंदर होतं. खोटं कशाला सांगू. गावाचं पाणी माझ्यामुळं नासणार होतं आणि मला तिथं सुंदर वाटत होतं. पोरांना कठड्यावरून हेच दिसलं असेल.

मग मी कामाला लागले. डुबकी मारायची, मागून पाठ धरायची, वरून सोडलेल्या बादलीत टाकायची, दोर हलवायचा. वरून हिराकाकी सांगत होती. तिला खालचं काहीच दिसत नसणार, तरी सांगत होती. "डावीकरं कपार बघ. दोन असतील." दोन होत्या. पाच झाल्या, आठ झाल्या. हात बधीर होत चालले. एकदा नांगी मनगटाला लागली, तो वण अजून आहे.

वरचं बोलणं आता बाईंवर आलं होतं. कुणीतरी पेटी उघडून ते पुस्तक आणलं होतं आणि पानं उलटण्याचा आवाजसुद्धा खाली येत होता. "ही बघ दोरी कापते. हाच सिकवला पोरांना." एक पुरुषी आवाज म्हणाला, "आपला धंदा मासलीचा आनि ही बाई पोरांना सिकवते मासली सोरा." बेबीची आयस म्हणाली, "माजी पोर उद्यापासून जावाची नाय." मग दुसरी, मग तिसरी. कुणी म्हणालं, नाक्यावरूनच परत धाडा, शेडला कुलूप लावा. आणि कुणीही, एकानंही, माझं नाव घेतलं नाही. मी खाली पाण्यात होते, गावासाठी चिंबोऱ्या धरत होते. मी त्यांची होते. बाई ठाण्याची होती.

मी दहावी धरून उभी होते. गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं. वर आले असते, सगळ्यांनी पाठ थोपटली असती आणि शेडला कुलूप लागलं असतं. त्या मिनिटाला मी पुस्तकांचा विचार केला, बाईंचा नाही. पेटी ठाण्याला परत जाईल, जांभळं आकाश परत जाईल, आणि मी ओटीवर. स्वच्छ मनानं मी बोलले असं कुणी समजू नये.

मी वर तोंड करून म्हणाले, "बाईनं नाय सांगला. मी सांगला."

विहिरीतून बोललं की आवाज माणसाचा राहत नाही. तो दगडांवरून फिरत वर गेला आणि डोकी एकदम कठड्यावर वाकली. आकाश अर्धं झालं. मी पुढं म्हणाले, "पुस्तकान तला हाय. कासव तल्याचा हाय. इहीर मी सांगली. मना म्हाईत व्हता चिंबोरी मरल म्हनून. तरी मी सांगला."

बादलीतली चिंबोरी पत्रा खरवडत होती, तेवढाच आवाज. मग हिराकाकी म्हणाली, "बरा. आता उजवीकरं बघ."

तेरा मिळाल्या. चौदावी मिळाली नाही. प्रत्येक कपारीत हात घातला, तळाचे दगड पायानं चाचपले, ओठ निळे पडले तरी शोधत राहिले. शेवटी बापसानं न विचारता दोर ओढला. वर आल्यावर आयसनं माझ्या तोंडात मारली आणि लगेच पदरानं माझं डोकं पुसायला लागली, दोन्ही एकाच हातानं. आठ दिवस बायका पाणी फडक्यातून गाळत होत्या आणि वास घेत होत्या. पाणी नासलं नाही. चौदावी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. पोरं म्हणायची ती आत राहते आणि रात्री वर येऊन चौथऱ्यावर बसते. हिराकाकी म्हणाली, "ती शानी व्हती. खोबनीतून गेली घरी." मला तेच खरं वाटतं. खोबणी तिच्याही पायांना पुरल्या असतील.

या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सुमतीबाईंना नाक्यावरच सगळं कळलं होतं. त्या शेडकडं आल्या नाहीत, सरळ हिराकाकीच्या दारात गेल्या. मी मागोमाग. हिराकाकी आकडी घासत बसली होती. बाई म्हणाल्या, "हिराबाई, चूक माझी आहे. पुस्तक दिलं, पण इथलं पाणी कसं आहे ते मी कधी विचारलंच नाही. तुम्ही म्हणाल तर मी उद्यापासून येत नाही."

"येवाला कोन नको बोलतं?" हिराकाकी म्हणाली. "पन पोरांना जा काय सांगशील, ता आधी मना सांगवाचा."

बाईंना वाटलं ती रागात बोलते आहे. ती रागात नव्हती. त्या दिवशी पोरं आली नाहीत, पण हिराकाकी बाजारातून थेट शेडच्या पायरीवर येऊन बसली. बाईंनी एकेक पुस्तक उघडलं आणि वाचलं. हिराकाकी विडा चघळत ऐकत होती, जणू ती लग्नाचं स्थळ बघायला आलेली. चिमणीच्या पाण्याला तिनं मान डोलावली. फुलाच्या मुलीला म्हणाली, "फुल नाय तोरला तं देवाला काय घालतं? एक तोरावा, सगली नाय." कुत्र्याच्या गोष्टीला नुसतं ते चित्र पुन्हा दाखवायला सांगितलं. आणि कासवाचं आलं तेव्हा विचारलं, "ही पोरगी कोनाला इचारते?"

"कुणाला म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"कासव घावला. तिना कसा कललं, ता तल्याचा हाय का खाऱ्या पान्याचा?"

बाईंनी पुस्तकाची पानं मागं-पुढं केली. तिथं काही नव्हतं. बाईंनी पेटीतून पांढऱ्या कागदाची पट्टी काढली, मला पेन दिलं आणि म्हणाल्या, "यमुना, तुझं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं. हिराकाकी सांगत होती, बाई ते पुस्तकातल्यासारखं करत होत्या आणि मी जीभ दातात धरून लिहीत होते. चिखलाच्या चित्राखाली आम्ही ती पट्टी भातानं चिकटवली. "मुलीने आधी हिराकाकीला विचारले. हिराकाकी म्हणाली, हे तळ्याचे आहे. मग मुलीने त्याला उचलले." छापलेल्या अक्षरांशेजारी माझं अक्षर पहिल्यांदा असं आलं. ती पट्टी नंतर पिवळी पडली, पण निघाली नाही.

दोन दिवसांनी बेबीच्या आयसनं बेबीला पाठवलं, अंगठ्याला हळदीची पट्टी बांधून. तिच्यामागं बाकीची आली. हिराकाकी त्यानंतर रोज बाजारातून आली की पायरीवर बसायची. मासळी साफ करायची आणि आतलं ऐकायची. आवडलं नाही की बाहेरूनच "अंहं" करायची आणि बाई थांबायच्या.

पावसाळ्याआधी संस्थेच्या मोठ्या बाई तपासणीला आल्या. चष्मा, जाड वही. बालवाडी पुढं चालू ठेवायची की नाही ते त्यांच्या हातात होतं आणि सुमतीबाईंचा चेहरा सकाळपासून उतरलेला. मोठ्या बाईंनी पोरं बघितली, माठ बघितला, मग पेटीतून नेमकं कासवाचं पुस्तक काढलं. पट्टीवर बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. सुमतीबाई काही सांगायला पुढं झाल्या, पण मोठ्या बाईंनी पोरांनाच विचारलं, "ही हिराकाकी कोण?"

बाराच्या बारा पोरं तिच्याकडं बघत राहिली. एवढी मोठी बाई, आणि हिराकाकी कोण ते हिला माहीत नाही. बेबी उठली, मोठ्या बाईंचं बोट धरलं आणि त्यांना चालवत पायरीपर्यंत घेऊन गेली. हिराकाकी मांडेली साफ करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय सोरवाचा हाय?"